डाव्या बाजूचं काम

भाग्यलक्ष्मीचं बालपण उभ्या गाड्यांत गेलं. बेंगळूरच्या शिवाजीनगरात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, तिच्या वडिलांचं टिंकरिंगचं वर्कशॉप होतं. अपघातात चेपलेला पत्रा ठोकून पुन्हा होता तसा करायचा, हे त्यांचं काम. शाळा सुटली की भाग्या तिथेच यायची आणि ज्या गाडीचं दार उघडं असेल तिच्यात बसून गृहपाठ करायची. कधी त्या गाडीला पुढचे दिवे नसत, कधी बॉनेट नसे. दहावीची भूमिती तिने एका इंजिन काढलेल्या गाडीत बसून पुरी केली. अशा शंभरएक गाड्यांच्या स्टिअरिंगमागे ती बसली असेल, पण त्यांतली एकही ती बसलेली असताना जागची हलली नव्हती.

त्यामुळे चोविसाव्या वर्षी, नोकरीला दोन वर्षं झाल्यावर, तिने ठरवलं की आता स्वतःची गाडी घ्यायची, आणि नुसती हलणारी नाही, पळणारी घ्यायची.

नवी पळणारी गाडी परवडणं शक्य नव्हतं. जुनी घ्यायची तर सात लाखांच्या आत. भाग्या पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली, येलहंक्याच्या पुढे एका प्रयोगशाळेत विमानाच्या सुट्या भागांवरचे रंगाचे थर तपासायची. तिने रीतसर तक्ता केला. गाडीचं वजन भागिले इंजिनाची अश्वशक्ती, हा पहिला रकाना. एका अश्वशक्तीने नऊ किलोपेक्षा जास्त ओढायचं असेल तर ती गाडी बाद. सुटे भाग बेंगळूरमध्ये मिळत नसतील तर बाद. आणि अपघात झालेली गाडी तर वाचायच्या आधीच बाद.

तक्ता बघून आई म्हणाली, "दोनच दारं? मग मी मागं कशी शिरायची? मांजरासारखी खिडकीतनं?"

"तू पुढे बसायचं गं."

"आणि तुझे अप्पा?"

"ते व्हॅननं मागून येतील."

पहिली गाडी होसूर रोडच्या एका यार्डात होती. जाहिरातीत एकच मालक लिहिलं होतं, आरसी बुकात तीन निघाले. विकणारा म्हणाला, तिघं एकाच घरातले आहेत. तिघांची आडनावं वेगळी होती. दुसरीचा सायलेन्सर बदललेला होता. ती सुरू केल्यावर समोरच्या दवाखान्यातून नर्स बाहेर आली. तिसरी लाल होती, देखणी होती, आणि तिच्यापाशी भाग्याने पिशवीतून आपलं गेज काढलं. हे मुठीत मावणारं यंत्र पत्र्याला टेकवलं की वरच्या रंगाचा थर किती जाड आहे ते मायक्रॉनमध्ये सांगतं. कंपनीतून आलेला रंग शंभर ते एकशे तीसच्या घरात असतो. लाल गाडीच्या दाराने नऊशे दाखवले.

"काय झालं मॅडम?" विकणाऱ्याने विचारलं.

"या दारावर पत्र्यापेक्षा पुट्टी जास्त आहे," भाग्या म्हणाली. हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पोचे बुजवायला भरलेल्या पुट्टीखालचा पत्रा सातशे मायक्रॉनच असतो.

अशा नऊ गाड्या बाद झाल्यावर ती मारतहळ्ळीला पोचली.

ही गाडी एका अपार्टमेंटच्या तळघरात उभी होती. गडद निळी, लहानशी, दोन दारांची. मालकाचं नाव यशोवर्धन, मूळचा पुण्याचा, उंची सहा फूट, नोकरी आयटीत. त्याने भाग्याला पाहिलं आणि पहिलं वाक्य म्हटलं ते असं:

"ऑनेस्टली सांगतो, मला ही विकायचीच नाहीये. पण जूनमध्ये बाळ येतंय, आणि बेबी सीट मागे बसतच नाही. बायको म्हणाली, बाळ डिकीत ठेवणार आहेस का?"

भाग्याला माणूस आवडला. विकणारा माणूस बायकोला नावं न ठेवता गाडीचा दोष सांगतोय, हे तिने मनात टिपून ठेवलं.

"तुमचं मराठी जरा कोल्हापूरकडचं वाटतं," तो म्हणाला.

"आजोबा निपाणीचे. मी शिवाजीनगरची."

"अरे वा, मी पण शिवाजीनगरलाच होतो कॉलेजला."

"इथल्या शिवाजीनगरची."

"अच्छा," तो म्हणाला, आणि थोडा हिरमुसला.

तिने गेज लावलं. छत एकशे सोळा. उजवं दार एकशे अठरा. उजवा फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, एकशे बारा. डाव्या फेंडरवर एकशे अठ्ठेचाळीस आले. तिने तीनदा टेकवून पाहिलं. एकशे अठ्ठेचाळीस, एकशे सेहेचाळीस, एकशे पन्नास. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यातही तसंच.

"पहिल्या मालकांनी सांगितलं होतं, तिथे स्क्रॅच आला होता म्हणून रंग दिलाय," यशोवर्धन म्हणाला. "इन्शुरन्सचा एकही क्लेम नाहीये. कागद बघा."

कागद चोख होते. एकशे अठ्ठेचाळीस म्हणजे पुन्हा दिलेला रंग, पण खाली पुट्टी नाही. पुट्टी नाही म्हणजे पत्रा चेपला नव्हता, आणि पत्रा चेपला नव्हता म्हणजे अपघात नव्हता. हा निष्कर्ष भाग्याने वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली.

मग तिने गाडी चालवली. रिंग रोडच्या कडेच्या रस्त्यावरून, रविवारची सकाळ असल्यामुळे मोकळ्या उड्डाणपुलावरून, परत. फार वेगात नाही. पण दुसऱ्या गिअरमध्ये पाय किंचित दाबला तेव्हा गाडीने जे केलं, त्याला तक्त्यात रकाना नव्हता. ती आपोआप हसली. शेजारी बसलेला यशोवर्धन म्हणाला, "होतं तसं. मला तर मीटिंगला उशीर झाला तरी आनंद व्हायचा."

ठरल्यात जमा होतं. फक्त एक गोष्ट बाकी होती. पत्र्याच्या बाबतीत शेवटचा शब्द अप्पांचा, हे गाडी शोधायला निघताना तिनेच कबूल केलं होतं.

अप्पांचं नाव बसवंत. ते फोनवरचे फोटो बघत नसत. "फोटोत पत्रा दिसत न्हाई," म्हणत. त्यांना माणसांची नावं सहसा आठवत नसत, गाड्यांचे नंबरही नाहीत. पुढच्या रविवारी ते आपल्या व्हॅनमधून मुलीबरोबर मारतहळ्ळीला आले, यशोवर्धनने पुढे केलेला चहाचा कप तळघराच्या कठड्यावर ठेवला आणि गाडीभोवती फिरले. ते डोळ्यांनी कमी बघत. पालथा हात पत्र्यावरून मागून पुढे नेत, एखाद्या मुलाचा ताप बघावा तसा. मागून पुढे, उजवीकडून. मग पुढून डावीकडे आले आणि डाव्या चाकावरच्या पोकळीत त्यांनी हात आत घातला.

हात तिथेच राहिला.

भाग्याला वाटलं, काही अडकलं. अप्पांनी बॉनेट उघडायला लावलं, आत डाव्या बाजूला वाकून पाहिलं, टॉर्चही न लावता. मग खिशातलं फडकं काढून बोटं पुसली.

"गाडी छान ठेवलीया तुम्ही," ते यशोवर्धनला म्हणाले. "येतो आम्ही."

चहा तसाच राहिला.

मुरुगेशपाळ्याच्या सिग्नलला व्हॅन थांबली. मग अप्पा म्हणाले, "नको ती गाडी."

"का?"

"नको म्हटलं न्हवं."

"अप्पा, मी नऊ गाड्या बाद केल्या. प्रत्येकीचं कारण लिहून ठेवलंय. या गाडीचं काय लिहू?"

"लिही, बा नको म्हणाला."

"हे कारण नाही. हे माझं रीडिंग आहे बघा. एकशे अठ्ठेचाळीस. पुट्टीचा कण नाही."

"तुझं यंत्र रंग मोजतं," अप्पा म्हणाले. "पत्रा न्हाई मोजत."

भाग्याने वही मिटली. राग आला होता म्हणून नव्हे, तर वाक्य बरोबर होतं म्हणून. गेज रंगाचा थर मोजतं. खालचा पत्रा कधी चेपला होता की नाही, हे त्याला कळतच नाही. पुट्टी नसेल तर चेपलाच नसणार, हे तिने स्वतः गृहीत धरलं होतं, कारण चेपलेला पत्रा बरोबर करताना सगळे पुट्टी भरतात. सगळे? आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून, बाहेरून हलक्या हातोडीने, आठ-आठ दिवस ठोकून पत्रा पुन्हा मूळ गोलाईवर आणायचा, पुट्टी लावायची नाही, जुना रंग खरवडून नवा पातळ द्यायचा, असं वेड्यासारखं काम साऱ्या बेंगळुरात करणारा एकच माणूस तिला माहीत होता. तो व्हॅन चालवत होता.

"ती डावी बाजू तुम्हीच केलीय," ती म्हणाली.

अप्पा सिग्नलकडे बघत राहिले. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला.

"हिरवा झालाय, अप्पा."

"दिसतंय."

व्हॅन पुढे गेली. अल्सूरच्या तळ्यापाशी त्यांनी ती कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"मी काय बोललेलो न्हाई," अप्पा म्हणाले. "तू वळखलंस. हे ध्यानात ठेव."

टिंकरांचा एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता, पण गल्लीतले सगळे पाळत. आपण नीट केलेल्या गाडीबद्दल घेणाऱ्याला काही सांगायचं नाही. गाडी ज्याची होती त्याच्याशी आपला शब्द. एकाने जरी तोंड उघडलं तरी उद्या कोणी त्याच्याकडे गाडी आणणार नाही. अप्पांनी हा नियम तीस वर्षं पाळला होता. त्यांच्या आयुष्यात तो मुलीच्या आड येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"केव्हा केलीत?"

"तू धारवाडला कॉलेजात हुतीस तवा. येलहंक्याचे जयसिंगराव. पोरानं दुभाजकावर घातली हुती. डावा कोपरा आत, असा." त्यांनी हाताची मूठ केली. "पोराकडं लायसन कच्चं, म्हणून इन्शुरन्स न्हाई घेतला. चाळीस दिस लागले मला."

"मग नको का? काम कच्चं राहिलं होतं?"

अप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने विचारायला नको होतं ते विचारलं.

"कच्चं? माझं?"

"मग पक्कं आहे ना? पक्कं असेल तर घेऊ."

"पक्कं हाय. पर तू बसणार त्यात."

"आणि तो यशोवर्धन तीन वर्षं बसला ते?"

तळ्याच्या कठड्यावर एक माणूस मुलाला कणीस घेऊन देत होता, अप्पा तिकडे बघत राहिले.

"गाडी परत देताना जयसिंगरावांना तुम्ही काय सांगितलं होतं?" भाग्याने विचारलं. तिला ठाऊक होतं. अप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगत.

"म्हणालो," अप्पा हळू आवाजात म्हणाले, "माझ्या पोरीला बसवीन अशी करून दिलीया."

भाग्या हसली नाही. हसण्यासारखं होतं, पण अप्पांचा चेहरा बघून तिला तो तळघरातला अडकलेला हात आठवला. तीस वर्षं जे वाक्य ते सहज बोलत आले, ते आज कुणीतरी खरं करून दाखवा म्हणत होतं, आणि त्यांना भीती वाटत होती. गाडी बाद केली असती तर प्रश्न मिटला असता. पण मग तीस वर्षांच्या कामाचं काय, हा प्रश्न त्या बापाच्या मनात कायमचा राहिला असता, आणि कुणाला न सांगता राहिला असता.

"मोजू या," ती म्हणाली.

"काय?"

"पत्रा. माझं यंत्र मोजत नाही, पण तुमचा ओळंबा मोजतो की."

अप्पांनी व्हॅनची किल्ली फिरवली. मग म्हणाले, "आधी जयसिंगरावांना इचारायला पायजे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्कशॉपमधून अप्पांनी फोन लावला. भाग्याने तो मोठ्या आवाजावर ठेवला. जयसिंगराव हवाई दलातून निवृत्त झालेले, त्यांना ऐकू कमी येत होतं, त्यामुळे ते ओरडत आणि अप्पाही ओरडत. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तो व्यवहार ऐकला.

"ती निळी? अजून पळते?"

"पळते साहेब. तुमची परवानगी पायजे हुती. त्या अपघाताचं बोलू का?"

"कुणाशी?"

"जो विकतोय त्याच्याशी. आणि घेणारीशी."

"घेणारी कोण?"

अप्पा अडखळले. "माझीच मुलगी हाय."

पलीकडे जयसिंगराव इतके हसले की फोन खरखरला. "अरे बोल की बिनधास्त! ती ठोकणारा आमचा ध्रुव आता दोन पोरांचा बाप आहे, चाळीसच्या वर गाडी नेत नाही. आणि ऐक, तू दिल्यावर मी ती तीन वर्षं चालवली. म्हैसूरला किती वेळा गेलो. विकली ती गुडघ्यांमुळे. इतकी खाली गाडी, उतरायला माणूस लागायचा."

"सरी, बरं साहेब," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

यशोवर्धनला सांगायचं काम भाग्याकडे आलं. तिने जे झालं ते क्रमाने सांगितलं.

"म्हणजे मी तीन वर्षं अपघाताची गाडी चालवत होतो?"

"हो."

"मी तिच्यातून बायकोला गोकर्णला नेलं."

"कशी गेली होती?"

"मस्त." मग त्याचा आवाज उतरला. "पण आता कसंतरीच वाटतंय. काका खरंच मोजू शकतात?"

रविवारी सकाळी आठला तो स्वतः गाडी घेऊन शिवाजीनगरला आला. वर्कशॉपला सुट्टी होती. अप्पांनी जमीन झाडून, धुऊन, वाळवून ठेवली होती. गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उचलली, चारी बाजूंनी सारख्या उंचीवर. मग अप्पांनी ओळंबा काढला, दोरीला बांधलेलं टोकदार पितळी वजन. गाडीच्या सांगाड्याला खालून काही ठरलेली भोकं असतात. कंपनीत गाडी जुळवताना ती उपयोगी पडतात. त्या एकेका भोकातून ओळंबा सोडायचा, तो स्थिर होऊ द्यायचा, आणि टोकाखाली जमिनीवर खडूने बारीक फुली मारायची. अशा आठ फुल्या. मग गाडी बाजूला न्यायची आणि फुल्यांमधली तिरकी अंतरं मोजायची. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या तिरक्या रेघा सारख्या भरल्या, तर सांगाडा सरळ. एकही बाजू आत गेलेली असेल, तर जमीन ते सांगते.

"काका, यासाठी मशीन असतं ना?" यशोवर्धनने विचारलं.

"असतं की. त्येबी हेच करतं, फक्त बिल देतं."

ओळंबा थांबायची वाट बघताना भाग्या गाडीखाली टॉर्च घेऊन आडवी झाली आणि जोड मोजू लागली. पत्र्यावर पत्रा ठेवून यंत्राने ठिपक्यासारखे टाके घालतात, ते. उजव्या बाजूला, जिथे कंपनीचंच काम होतं, चौतीस टाके होते. डावीकडे पस्तीस.

"अप्पा, इकडे एक जास्त आहे."

"ठाव हाय. एकावर माझं मन बसलं न्हाई. म्हणून शेजारी आणखी एक घातला."

"सहा वर्षांपूर्वीचा टाका तुम्हाला आठवतो आणि माझ्या मैत्रिणीचं नाव आठवत नाही."

"तुझी मैत्रीण काय चेपलेली हाय व्हय?"

यशोवर्धन पहिल्यांदा हसला.

गाडी घोड्यांवरून उतरवून तिघांनी बाहेर ढकलली. जमिनीवर आठ फुल्या राहिल्या. भाग्याने प्रयोगशाळेतून रीतसर चिठ्ठी देऊन आणलेली पोलादी टेप काढली. एक टोक यशोवर्धनने धरलं. अप्पा दारापाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. तिने मोजलं, लिहिलं. टेपची टोकं उलटी करून पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं.

"किती?" अप्पांनी न वळता विचारलं.

"बाकी सगळे सारखे. पुढचा एक तिरका सतराशे त्रेचाळीस. दुसरा सतराशे पंचेचाळीस."

"दोन मिलिमीटर?"

"दोन."

अप्पा वळले. त्यांचा चेहरा पडला होता. "दोन कशापायी? शून्य पायजे हुतं."

"अप्पा, शून्य कुठेच नसतं."

"मी शून्यावर आणली हुती."

"ऐका. तुमची खडूची रेघच एक मिलिमीटर जाड आहे. ओळंबा अर्धा इकडे, अर्धा तिकडे. म्हणजे हे दोन खरे दोनच आहेत की एक की तीन, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक मी शोधलं. त्यात नव्या गाडीला तीनपर्यंत चालतात असं लिहिलंय. नव्या गाडीला."

"तीन?" अप्पांना हे नवीन होतं. "कंपनीवाले तीन चालवून घेतात?"

"घेतात."

"आन मी चाळीस दिस..." ते थांबले. मग खाली बसून त्यांनी एक फुली बोटाने पुसून पाहिली, जणू रेघेची जाडी पहिल्यांदाच दिसत होती. ते तिथून उठले तेव्हा चेहरा निवळला होता, पण पुरता नाही.

"कागदावर झालं," ते म्हणाले. "आता रस्त्यावर. चल."

येलहंक्याच्या पुढे एका नव्या लेआउटचे रस्ते आखून, डांबर टाकून तयार होते. घरं अजून व्हायची होती. लांब, सरळ, रिकामा रस्ता. दोन्ही बाजूंना प्लॉटचे पांढरे दगड आणि मध्येच चरणारी एक म्हैस. भाग्या स्टिअरिंगवर बसली. यशोवर्धन डावं दार उघडायला गेला, तर अप्पा आधीच तिथे उभे होते.

"इथं मी बसतो. तुम्ही मागं."

"मागे?" यशोवर्धनने मागच्या सीटकडे पाहिलं. "काका, तीन वर्षांत मी मागे कधी बसलो नाहीये."

"मग बघा की आज, पाहुण्यांना काय वाटत हुतं."

तो आत शिरला. आधी एक पाय, मग डोकं, मग पुन्हा बाहेर, मग बाजूने. शेवटी तो बसला तेव्हा त्याचे गुडघे त्याच्या कानांजवळ होते. अप्पांनी पुढची सीट मागे सरकवली. मागून एक आवाज आला.

"काही लागलं का?" भाग्याने विचारलं.

"लागायला काही शिल्लक नाही."

अप्पांनी पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला. ते आता बरोबर त्या कोपऱ्याच्या मागे बसले होते, जो सहा वर्षांपूर्वी मुठीसारखा आत गेला होता. भाग्याने हे लक्षात घेतलं.

"साठवर ने," अप्पा म्हणाले. "मी सांगितलं की ब्रेक दाब. सगळा. आन स्टिअरिंग घट्ट धरू नको, नुसते हात ठेव. गाडी कुणीकडं वळतीया ते तिला सांगू दे."

तिने गाडी साठवर नेली. पांढरे दगड झरझर मागे गेले. अप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. कशालाच धरलेलं नव्हतं.

"दाब."

तिने दाबला. गाडीचं नाक खाली गेलं, पट्टे छातीत रुतले, मागून यशोवर्धनचं पूर्ण वजन दोन सीटांच्या मध्ये पुढे आलं आणि गाडी थांबली. मग अप्पांनी दार उघडलं, उतरले आणि मागे चालत गेले. डांबरावर टायरच्या दोन फिकट रेघा उमटल्या होत्या. अप्पा त्यांच्या मधोमध उभे राहिले, एक डोळा मिटला आणि पार शेवटपर्यंत बघितलं. भाग्या शेजारी येऊन उभी राहिली. रेघा इतक्या सरळ होत्या की शाळेत पट्टीनेही तिला तशा जमल्या नसत्या.

"काय म्हणते?" तिने विचारलं.

अप्पांनी मिटलेला डोळा उघडला. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला; ती कॉलेजला गेल्यापासून त्यांनी तसा ठेवला नव्हता.

"घे," ते म्हणाले.

तोवर यशोवर्धन गाडीतून स्वतःला बाहेर काढण्यात यशस्वी झाला होता. तो लंगडत आला.

"बघा," तो म्हणाला, "गाडी मस्तच आहे, आता तर मलाच पुन्हा घ्यावीशी वाटतेय. पण रूल इज रूल. अपघात झालेली गाडी, म्हणजे किंमत उतरणार. मी पन्नास हजार कमी करतो. साडेसहाच्या जागी सहा."

भाग्याच्या मनात हाच आकडा होता. ती हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात अप्पा पुढे झाले.

"कमी का म्हणून?"

"म्हणजे काका, अपघात..."

"अपघात पुसून काढला की मी. तुम्ही आता बघितलंत न्हवं? कंपनीवाले तीन चालवून घेतात, माझा दोन हाय. कंपनीचे टाके चौतीस, माझे पस्तीस. खरं तर डाव्या बाजूचे ज्यादाच द्यायला पायजेत."

यशोवर्धनने भाग्याकडे पाहिलं. भाग्याने अप्पांकडे.

"अप्पा," ती शांतपणे म्हणाली, "गाडी मी घेतेय."

"म्हणून काय माझ्या कामाला पन्नास हजारांचा डाग लावायचा?"

"काका, मी डाग म्हणत नाहीये, मी डिस्काउंट म्हणतोय."

"तेच की ते."

"अप्पा, तुम्ही जरा गाडीत बसा."

"का?"

"पुढच्या सीटवर बसा. काच वर करा. रेडिओ लावा."

अप्पा कुरकुरत गेले, पण गेले. दार ओढून घेताना त्यांनी ते उघडून पुन्हा लावलं, फक्त आवाज ऐकायला. आवाज बरोबर होता. आतून ते दोघांकडे बघत राहिले. भाग्या आणि यशोवर्धन रस्त्यात उभे राहून बोलत होते, म्हैस प्लॉटमधून सावकाश रस्त्यावर येत होती. थोड्या वेळाने काच तीन बोटं खाली आली.

"पंचवीस कमी करा," अप्पा आतून म्हणाले. "त्याच्या वर माझी परवानगी न्हाई."